डासांची बाजू घेणाऱ्या भोयरबाई

हातावर डास बसला की भोयरबाई आधी त्याचे पाय निरखून बघत आणि मगच थापड मारत. पायांवर पांढरे पट्टे दिसले, तर डेंग्यूचा.

समुद्रपूरजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. वर्गात कुणी "डासाचा उपयोग काय?" असं विचारलं की त्या चिडत. "काऊन रे? तो का तुह्या नोकरीवर हाय?" मग शांतपणे सांगत, "नर डास फुलातला रस पिते. रक्त फक्त मादीले लागते, तेबी अंड्यांसाठी. त्याच्या अळ्या मासोळ्यांच्या पोटात जाते, चतुराच्या पिल्लांच्या पोटात जाते. कोणाचा तरी घास हाय तो." असं म्हणता म्हणता स्वतःच्या मानेवरचा डास मारत.

काही वर्षांपूर्वी पोळ्यानंतर गावात डेंग्यू पसरला. बाईंची एकुलती मुलगी, रेवती, वर्ध्याला दवाखान्यात होती. घाबरलेल्या गावकऱ्यांनी तळ्यात जळकं ऑइल ओतायचं ठरवलं. डबे काठावर आले, तेवढ्यात बाई पोचल्या. मुलीचे कपडे न्यायला त्या सकाळच्या एसटीने आल्या होत्या.

"थांबा. मासोळ्या मरतील."

सरपंच भडकले. "बाई, तुमची पोट्टी सलाइनवर हाय, अन् तुमी डासाची बाजू घेऊन राह्यल्या?"

बाईंनी हातातली कपड्यांची पिशवी घट्ट धरली होती.

"तो डास तळ्यातला नाई, घरातला हाय," त्या म्हणाल्या. "त्याले साफ, थांबलेलं पाणी लागते. आताच घरून आली मी. माह्याच कूलरच्या टाकीत अळ्या वळवळून राह्यल्या होत्या. उन्हाळा सरला, पाणी काढाचं राहून गेलं. जिंदगीभर पोट्ट्यांले शिकवलं, अन् माह्याच घरी..."

सरपंच खाली बघत म्हणाले, "कूलर तं माह्याबी घरी भरलेला हाय."

डबे परत गेले. बाईंनी वर्ध्याची बस धरली, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत घरोघरी कूलर, ड्रम, रांजण उपडे करत फिरलो. मागच्या परसात बाईंचा कूलर आधीच पालथा पडलेला होता.

रेवती वाचली. पण अशक्तपणा जायला दिवाळी उलटली.

बाई शाळेत परतल्या त्या दिवशी मी शेजारच्या वर्गात होतो. एका मुलीने त्यांना भीत भीत विचारलं, "बाई, आता तरी डासाचा राग येते का?"

"येते ना. लय येते," बाई म्हणाल्या. "पण माह्या रागानं मासोळीचं पोट नाई भरत, बेटा."