अर्धं ह्यांचं, अर्धं दादाचं

देवासात राहायचं, त्यातून बँडवाल्यांत, त्यातून ख्रिस्ती! मग किस्से काय, कणगी भरून सांडतात. मी म्हातारी, सांगताना कुठला आधी येईल नेम नाही.

तेव्हा देवासला राजे दोन, एकाच घराण्याच्या दोन पाती, म्हणजे शाखा. थोरल्या पातीचा एक, धाकट्या पातीचा एक. मधून रस्ता. इकडे एक राज्य, तिकडे दुसरं. बँडही दोन. माझा दादा, कैतान, थोरल्या पातीच्या बँडात बिगुल वाजवायचा. आमचे हे धाकटीच्या बँडात क्लॅरिनेटवर. आमची दहा-बारा घरं वसईकडून आलेली. पाद्रीबाबा इंदुराहून टांग्यानं महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार आमचे आम्हीच! प्रार्थना आम्ही, गाणी आम्ही, उपदेशही आम्हीच.

*

उपदेश सांतानकाका करत. ते सरकारी पाहुण्यांच्या बंगल्यावर खानसामा. एकदा खमिराचा दाखला निघाला. प्रभूनं तो एका वाक्यात आटपला आहे. काकांनी पीठ चाळण्यापासून धरला! खमीर किती, पाणी कोमट की गार, भट्टी कशी तापवायची... अर्ध्या तासानं पाव भाजून बाहेर निघाला तेव्हा निम्मी मंडळी घरी पळाली होती. भूक लागली हो!

काका इंदुरी थाटात दादाला म्हणाले, "देवाचं राज्य ऐकून पळाले, भिया! काय म्हणावं ह्यांना?"

*

आमच्याकडे घंटा नव्हती. दादा म्हणाला, "बिगुल आहे की!" आणि पहिल्याच रविवारी प्रार्थनेच्या खोलीपुढे उभा राहून दणकून वाजवला.

तिकडे लाईनीतले शिपाई अर्धवट दाढ्या करून धावत आले नि खोलीपुढे रांगेत उभे राहिले! दादाला दुसरं काही येतच नव्हतं, त्यानं हजेरीचंच वाजवलं होतं. हवालदार लालबुंद. सांतानकाका शांतपणे म्हणाले, "आलेच आहात तर बसा. आज बारा माणसं कमीच होती."

दोघे बसले सुद्धा!

*

आता मूळ भांडण. माळेची प्रार्थना दोन बाजूंनी म्हणायची असते; आमच्यात एका बाजूला थोरल्या पातीचे बसत, दुसरीला धाकटीचे. "नमो मरिये" म्हणून एका बाजूनं पहिला अर्धा भाग म्हणायचा, दुसरीनं उरलेला. सुरुवात कायम थोरल्या पातीची. एक दिवस आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं, "खोली आमच्या हद्दीत, तर सुरुवात आमची!"

दादा म्हणाला, "थोरली ती थोरली."

झालं! पुढच्या रविवारपासून दोन्ही बाजूंचे पुरुष पहिला अर्धाच म्हणायला लागले, एकमेकांवर ओरडून. उरलेला म्हणायला आम्ही बायकाच! वर्षभर दादानं ह्यांना 'दाजी' म्हणून हाक मारली नाही. मी एकाची बहीण, दुसऱ्याची बायको. सणाला कोणाकडे बघून हसू? फार रडले मी त्या वर्षात.

बोलणं बंद, पण प्रार्थनेच्या शेवटी ज्यानं त्यानं आपलं मागणं मोठ्यानं मागायचं असे ना, तेव्हा हे हात जोडून म्हणाले, "हे प्रभो, ज्यानं माझी शिडी नेली, त्याला ती परत करायची बुद्धी दे."

पलीकडून दादा, डोळे मिटूनच, "हे प्रभो, ती शिडी दिली तेव्हाच मोडकी होती, हे देणाऱ्याला आठवू दे."

आम्ही काय करणार? "आमेन" म्हणालो!

*

त्याच वर्षी मला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. वीतभर जीव, रडेना. निळी पडायला लागली. सुईण म्हणाली, "बाई, देवाचं नाव घ्या." पाद्रीबाबा इंदुरात. अशा वेळी घरचं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पण दुसरं माणूस असताना बापानं देऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं. मी ह्यांना म्हटलं, "दादाला आणा. माझी पोर अशीच जायला नको."

हे गेले. वहिनी सांगते, दारात उभे राहिले. शेवटी माळेचा दुसरा अर्धा भागच म्हणाले, "आम्हां पाप्यांसाठी... आता आणि आमच्या मरणाच्या वेळी..."

दादा अनवाणी धावत आला.

लोटा घेतला, पोरीच्या कपाळावर पाणी घातलं, म्हणाला, "मी तुला बाप्तिस्मा देतो..." आणि सवयीनं थांबला! पलीकडून ह्यांनी पुरं केलं, "पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

पोरीनं असा टाहो फोडला! दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

महिन्यानं पाद्रीबाबा आले. गोरा माणूस, बोलणार हिंदीत. विचारलं, "पानी किसने डाला? शब्द किसने बोले?"

दादा छाती काढून, "पानी मैंने. शब्द आधे मैंने."

हे म्हणाले, "आधे मैंने!"

पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, जो पानी डाले, पूरे शब्द वही बोले. यह तो हुआ ही नहीं. फिर से करना पड़ेगा."

मी पाय धरले. "करा बाबा, दहादा करा! पण चुकलं म्हणून ह्या दोघांना सांगू नका. कोणाच्या अर्ध्यानं चुकलं यावर पुन्हा वर्ष जाईल."

बाबांनी थोडा विचार केला. बाहेर येऊन म्हणाले, "देवास में दो राज, तो पानी भी दो बार!"

सगळे खूश. हे तेवढे मान वर करून म्हणाले, "मग त्यातलं पहिलं कोणाचं?"

मी पोरीला घट्ट धरलं.

दादानं ह्यांच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"तुमचं हो, दाजी. पहिलं तुमचं."