कुलूप कुणी पाहिलं?

आमच्या काकांना गल्लीत सगळे पुरावेकाका म्हणायचे. न्हाणीघरात साप निघाला म्हणून आम्ही बोंबलत सुटलो, तरी हे शांतपणे चष्मा पुसत विचारणार, ‘‘दुसऱ्या कुणी पाहिला?’’ एकाच्या सांगण्यावर काही लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. साक्षी दोन हव्यात, आणि त्याही लागेबांधे नसलेल्या. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि सुट्टीचे दिवस दप्तरखान्यात धूळ खात काढायचे. लग्न केलं नाही. आजी म्हणायची, ‘‘हो म्हणणारी मुलगी एकटीच असणार, दुसरी साक्ष कुठून आणायची?’’

जन्मभर खपून त्यांनी एकच पुस्तक लिहिलं, कापडगिरणीच्या आगीचं. त्या आगीत माझे वडील गेले. मी तेव्हा आईच्या पोटात होते. कंपनी म्हणाली, मागचं दार उघडंच होतं, कामगार घाबरून एकमेकांच्या अंगावर पडले. थोडक्यात काय, आपल्या मूर्खपणानं मेले. वर त्यांचंच नाव खराब.

आजी त्या दिवशी वडिलांचा डबा घेऊन मागच्या बोळात पोचली होती. काका लहान होते, तिचं बोट धरून. दाराला बाहेरून कुलूप होतं. कापड चोरीला जाऊ नये म्हणून लावायचे. किल्लीवाला पळाला, तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही. आजी दगडानं कुलूप ठोकत राहिली. आतून दार बडवत होते, तेही थांबलं. लोक बोळात शिरले तोवर दारच जळून पडलं होतं.

ते कुलूप छापून यावं, एवढंच आजीला हवं होतं. ‘‘लेक गेला तो गेला,’’ ती म्हणायची, ‘‘पण मूर्ख म्हणून नको जायला.’’

पुस्तक आलं तेव्हा आजीची नजर गेलेली होती. मी वाचून दाखवलं : ‘मागचे दार उघडे होते, अशी कंपनीच्या कागदांत नोंद आहे. याविरुद्ध ग्राह्य पुरावा उपलब्ध नाही.’

तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग काकांना हाक मारली.

‘‘कुलूप तूच दाखवलंस मला. विसरलास?’’

‘‘विसरतोय कसला, आई. डोळे मिटले की तेच दिसतं. पण आपण घरची माणसं. आपलाच माणूस मेलाय, आपली साक्ष कोण धरणार?’’

‘‘मग परकं कोण होतं तिथे? परकी माणसं सगळी आत होती रे.’’

मला इतका संताप आला की ते पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं. त्यानंतर आजी त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी पुढे केलेला पाण्याचा पेलाही ती माझ्या हातून घ्यायची. तशीच गेली.

काका निवृत्त झाले, वाकले. मग एका तरुण प्राध्यापकानं स्वतःचं नवं पुस्तक मोठ्या आदरानं त्यांना पाठवलं. आगीबद्दल त्यात एकच वाक्य होतं : ‘दार उघडे होते, हे आता निर्विवाद आहे.’ खाली आधार दिले होते. एक, कंपनीचे कागद. दुसरा, काकांचं पुस्तक.

झाल्या दोन साक्षी.

काका पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आले. ‘‘असं मी कुठे लिहिलंय?’’ ते दोन-तीनदा म्हणाले. मग खुर्चीत बसले.

‘‘कुलूप होतं गं. मोठं, काळं, माझ्या दोन मुठींएवढं. मी स्वतः पाहिलंय.’’

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.

‘‘दुसऱ्या कुणी पाहिलं?’’ मी विचारलं.

काका आजीच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिले.

‘‘आई होती,’’ ते म्हणाले.