काचेवरचा होला

काल मीटिंग चालू असताना एक होला बाहेरून काचेवर आदळला. पक्षी खाली पडला. काचेवर राहिला तो त्याच्या पसरलेल्या पंखांचा पांढुरका ठसा, अगदी पीस न् पीस दिसेल असा.

आम्ही कंपन्यांना पर्यावरणाचा सल्ला देतो. काल पहिल्यांदाच आमचं स्वतःचं ऑफिस तपासायला बसलो होतो. या भिंतभर काचांमुळे दिवसा दिवे लागत नाहीत, म्हणून त्यांना नुकतेच पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"बिचारा," सर म्हणाले. "चला, पुढचा मुद्दा."

मी ठशाकडेच बघत राहिले. दुसऱ्यांची धुराडी, दुसऱ्यांचं सांडपाणी बघत इतकी वर्षं हिंडले. आपल्या खिडकीखाली काय पडतं, हे बघायला कधी वाकले नाही.

दुपारी अहवालासाठी ऑफिसचा बाहेरून फोटो काढायचा होता. सरांनी सफाईच्या मावशींना हाक मारली. "मावशी, तेवढा डाग पुसा."

मावशींनी आधी होला उचलून कागदात गुंडाळला. "आजचा हा दुसरा," त्या म्हणाल्या आणि काच पुसायला लागल्या. फार मन लावून पुसली त्यांनी. समोरचं झाड, त्यावरचं आभाळ, सगळं पुन्हा काचेत खऱ्यासारखं लख्ख दिसायला लागलं.