अक्कांनी सोडलेल्या जागा

मंडळी, तुम्हाला एक विचारायचंय.

आळंदला माझं रेकॉर्डिंगचं दुकान हाय. सकाळी शांताक्का भजन म्हणून गेल्या. आधी त्या नवऱ्यासोबत म्हणायच्या. अक्कांनी ओळ म्हणायची, अप्पांनी मागून धरायची. अप्पा दिवाळीत वारले. तरी अक्का सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबल्या.

एडिटिंगला बसलो तर आवाज पुढं जायलाय अन् स्क्रीनवरच्या लाटा मागून यायल्यात. अक्का थांबलेल्या जागेतबी लाटा! वाटलं, जुनं चित्र अडकलंय. स्क्रीन जड करणारा आवाजाचा रंगीत पट्टा बंद केला, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. स्क्रीन सुरळीत झाली.

रिकाम्या जागेतल्या लाटा मात्र तिथंच. स्पीकरमधून तर काहीच ऐकू येत न्हाई.

अक्कांना बोलावून दाखवलं. त्या लाटांवर बोट ठेवून म्हणाल्या, "पुसू नको रे. त्यांचा आवाज पहिल्यापासूनच बारीक हाय."

रिकाम्या जागा कापून द्यायचं ठरलं होतं. तुम्ही कापल्या असत्या का?