रुमाल टाकलेली खुर्ची

"अहो बाई, ह्या तर भिंतीवरच्या सूचना!" ग्रंथपाल सर म्हणाले, आणि सगळी समिती खदाखदा हसली.

झालं होतं असं. नांदेडला विद्यापीठाच्या ग्रंथालयानं विद्यार्थ्यांची सल्लागार समिती नेमली. ग्रंथालय कसं सुधारावं, ते आम्हालाच विचारायचं म्हणे. 'सदस्यांनी येताना सूचना आणाव्यात.' मी शहाणी! भिंतीवरच्या सूचना वळणदार अक्षरात उतरवून नेल्या. शांतता राखा. पिशव्या बाहेर ठेवा. आमच्या वस्तीला सूचना कायम वरनंच यायच्या. आपणही द्यायची असते, हे कुणाच्या बापाला ठाऊक?

सगळ्यात गोड हसली ती लातूरच्या क्लासवाल्याची लेक. मी तिच्यावर इतकी जळायचे! तिचं फाडफाड इंग्रजी, तिच्या बापानं छापलेल्या नोट्स. आणि तिचा तो रेशमी काठाचा रुमाल. एसटीत टाकतात तसा सकाळीच वाचनकक्षातल्या खुर्चीवर पडायचा. बाईसाहेब उगवायच्या दुपारी. तोवर मी भिंतीला टेकून उभ्यानं वाचायचे. ती जाडजूड पुस्तकं बाहेर नेऊ देत नसत. आणि नेली असती तरी कुठं? भूकंपानंतर आमचं घर म्हणजे पत्र्याचं शेड. खुर्ची नाही तर अभ्यास नाही, परीक्षा नाही. आणि मला खुळीला हवं काय होतं? तसला रुमाल! अहमदपूरच्या बाजारात हुडकलासुद्धा.

"तुला कशाला गं सूचना?" ती म्हणाली. "तुमच्या जागा राखीवच असतात."

सर हसले. खाली बघून, पण हसले.

अंगाची आग झाली. या वेळी रुमालासाठी नव्हे.

"सर, माझी सूचना लिहून घ्या. रुमाल वाचत न्हाई, माणूस वाचतंय. जो आधी येईल तो बसंल."

"पुढच्या बैठकीत बघू."

मी उठले. वाचनकक्षात गेले. रुमाल उचलला. मऊ होता मेला, क्षणभर पुन्हा जळले. मग त्यानंच खुर्ची पुसली आणि बसले.

ती धावत आली. "ऊठ! माझी जागा आहे ती."

"राखीव हाय का?"

रुमाल घडी घालून तिच्या हातात दिला. खुर्ची दिली नाही.

आता माझी लेक त्याच वाचनकक्षात जाते. तिला सांगून ठेवलंय, रुमाल दिसला की उचल आणि बस. समितीची वाट बघू नको.