सुकेळी लिहून घ्यायला विरारला

मी एका कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. कुणी काही मागितलं की शोधून द्यायचं, हे आमचं काम. पण त्यासाठी बॅग भरून निघायची वेळ त्या डिसेंबरात पहिल्यांदाच आली.

मनीषा नावाची आमची विद्यार्थिनी सुकेळीवर, म्हणजे वसईकडे उन्हात वाळवतात त्या केळ्यांवर, प्रबंध लिहीत होती. दोन आठवडे आम्ही दोघींनी कपाटं उपसली. हाती लागली एक ओळ: केळी सोलून उन्हात वाळवावीत. तिचे सर म्हणाले, "एवढ्यावर प्रबंध होत नाही. विषय बदल." पोरगी माझ्या टेबलाशी येऊन रडली.

तेव्हा मला फ्रान्सिस आठवले. विरारजवळचे हे बागायतदार केळीच्या रोगांबद्दल ग्रंथालयाला पत्रं लिहायचे, मी लेखांच्या झेरॉक्स धाडायचे. त्यांना कार्ड टाकलं. उत्तर आलं, "माझी आई अजून करते. पण पत्रात सांगता यायचं नाही. तुम्ही याच."

पहाटेची एसटी पनवेलपर्यंत, पुढे दिवा, आणि दिव्याहून वसईची गाडी. या वाटेने जाणार असाल तर वेळापत्रक आधी विचारून घ्या, गाड्या मोजक्याच. आम्ही न विचारता गेलो आणि फलाटावर बसून सोबतच्या दशम्या संपवल्या. जूचंद्रला खिडकीतून मिठागरं दिसली. वसईला लोकल धरून विरारला उतरलो आणि अर्नाळ्याची एसटी पकडली. स्टेशनजवळच्या नव्या इमारती मागे पडल्या आणि केळीच्या बागा लागल्या, मधूनच कोपऱ्यावर एखादा पांढरा क्रूस.

फ्रान्सिसच्या घरी उतरलो. त्यांच्या बायकोने, सेलिनने, तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण वाढलं. फ्रान्सिसच्या आई, कतरीनबाई, लाल लुगडं नेसून पायरीवर बसल्या होत्या. त्यांची बोली आम्हाला कळेना, सेलिन सांगत होती.

"सासूबाई विचारतात, लिहून काय होणार? हात कसा लिहिणार?"

मनीषा म्हणाली, "हात मी शिकते. लिहितील मॅडम."

सकाळी अंगणात बांबूचा मांडव, त्यावर सोललेली पिकली राजेळी केळी. मनीषाचं पहिलं केळं सोलतानाच मोडलं. कतरीनबाईंनी तिचं मनगट धरलं आणि अंगठा देठापासून कसा उतरवायचा ते दाखवलं. मी वहीत लिहीत गेले: पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी परतायचं. अंगठ्याने हलकेच दाबायचं, खळगा तसाच राहिला तर अजून एक ऊन.

"किती वाजता उचलायची?" मी विचारलं.

त्या हसल्या. सेलिन म्हणाली, "घड्याळ नाही हो. गालाला लावून बघतात. कोमट असतानाच आत."

चार दिवस राहिलो. मनीषाने सेलिनला विचारलं, "तुम्ही शिकलात का?"

"छे! सातिवलीला कारखान्यात जाते मी. चार दिवस तुमच्यासाठी सुट्टी काढली. रोज कोण हे करत बसणार?"

निघताना कतरीनबाईंनी वही मागितली. वाचता येत नव्हतं त्यांना. प्रत्येक पानावर हात ठेवून पाहिलं आणि परत दिली.

सरांनी ती टिपणं दोनदा वाचली आणि पुढच्या वर्षी त्यांतला भाग वर्गात शिकवायला घेतला. प्रबंध पूर्ण होऊन आमच्या कपाटात आला. मनीषाने आभारात पहिलं नाव कतरीनबाईंचं घातलं होतं.

दोन वर्षांनी सेलिनचं पत्र आलं. सासूबाईंना झटका आला होता, बोलणं गेलं होतं. "त्या दिवसभर रिकाम्या मांडवाकडे बघतात. तुम्ही लिहिलेली पानं मिळतील का?"

मी त्याच दुपारी झेरॉक्स काढून पाठवली.

महिन्याभराने सुक्या केळीच्या पानात बांधलेली पुडी आली. सुकेळी जरा जास्तच काळी होती. सोबत चिठ्ठी: "मी पान मोठ्याने वाचते आणि तसं करते. चुकलं की त्या मान हलवतात. काल पहिल्यांदा हलवली नाही."

ती चिठ्ठी मी सरांना दाखवली, मनीषाला फोनवर वाचून दाखवली, आणि मग प्रबंधाच्या त्या प्रतीत नीट घालून ठेवली. पुढे कुणी सुकेळीबद्दल विचारायला आलं, तर त्याच्या हाती तीही पडावी म्हणून.