बाबांच्या नावापुढचा तारा

आमच्या कापड मिलच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये आरपीजी नावाची भाषा चालायची. पूर्ण नाव रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर. आईच्या लक्षात फक्त शेवटचा शब्द राहिला, त्यामुळे तिने गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगी जनरेटरवर कामाला आहे. लाइट गेली की शेजारणी माझ्याकडे आशेने बघायच्या.

इंदुरात तेव्हा एकेक मिल बंद पडत चालली होती. आमची अर्धीच चालवायची असं ठरलं, आणि कोणाला ठेवायचं त्याची यादी छापायचं काम माझ्याकडे आलं. ठेवायच्या माणसाच्या नावापुढे तारा. नियम साहेबांचे: हजेरी पुरेशी असेल तर तारा, आजारपणाची रजा असेल तर हजेरी सोडून नोकरीची वर्षं बघायची. माझे बाबा त्याच मिलमध्ये लूमवर होते, आणि आदल्या वर्षी काविळीने तीन महिने घरी पडून होते. सुरुवातीला बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर, काढलेली वर्षं धरली तर ते नियमात बसत होते, नाही धरली तर नाही. वर्षांचे आकडे ऑफिसातून आयते यायचे, आणि त्यांत ही वर्षं धरलीत का हे साहेबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यादी छापून निघाली आणि बाबांच्या नावापुढे तारा होता. बदलीची वर्षं धरलेली दिसतात, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. यादी दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांकडे द्यायची होती, आणि तोवर कोणाला एक अक्षर सांगायचं नाही अशी ताकीद होती. मी संध्याकाळीच घरी सांगितलं. पोटात काही राहत नाही माझ्या. बाबा चपला घालून गेले ते गरम जलेबी घेऊनच आले. खजराण्याच्या गणपतीला लाडू चढवायचा दिवसही आईने ठरवला.

सकाळी मी खुशीत यादीवरचे तारे बोटाने मोजत बसले. खाली छापलेल्या बेरजेपेक्षा अकरा जास्त भरले. परत मोजले, परत अकरा. मग प्रोग्रामचे कागद काढले.

आरपीजीत दिवे असतात, म्हणजे खुणा. अट खरी ठरली की दिवा लागतो, आणि तो लागलेला असेल तर तारा छापला जातो. पण लागलेला दिवा पुढच्या माणसाआधी आपण विझवायचा असतो. हजेरीवाल्यांसाठी मी तो विझवला होता. रजावाल्यांची वाट वेगळी लिहिली होती आणि तिथे विसरले होते. त्यामुळे रजावाल्याच्या आधीच्या माणसाला तारा असेल तर तो त्यालाही चिकटत होता. बेरीज मी दुसरीकडे केली होती, ती बरोबर होती. बाबांचा तारा त्यांच्या आधीच्या माणसाचा होता.

जेवणाच्या सुट्टीत बाबांना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. "भिया, दो कट!" बाबांनी ओरडून दोन अर्धे कप चहा सांगितला. मी सगळं सांगितलं.

"साहेबांनी पाहिलं काय?"

"अजून नाही."

"मग रहने दे ना. एक दिवा जळत राहिला तर कोणाचं काय बिगडतंय?"

"अकरा आहेत, बाबा."

"तर बाकीचे दहा विझव."

बाबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि मग स्वतःचा. जलेबी आणायला लावली कोणी? मीच ना. मी नुसतं "बघते" म्हटलं आणि चहा न पिताच परत गेले.

दिवा विझवायला एक ओळ पुरे होती. बाबांचा टोकन नंबर घालून आणखी एक ओळ लिहिली असती तर त्यांचा तारा राहिला असता. आरपीजी वाचता येणारी त्या मिलमध्ये मी एकटीच होते. पेन्सिल कागदावर टेकवून कितीतरी वेळ बसले होते मी. दुसरी ओळ लिहिली नाही. ती इमानदारी होती की पकडले जायची भीती, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, साहेबांनी बेरीज तपासली आणि चूक पकडली. खरं तर साहेबांनी बेरजेकडे पाहिलंही नव्हतं, नुसती सही केली होती. बाबा मरेपर्यंत त्या साहेबांना शिव्या घालत राहिले, आणि दरवेळी मी त्यांच्या हो ला हो करत गेले.